दोन राउटरांमधील विलंब आणि ‘जिटर’ : एक लक्षणपरीक्षा

१

तंत्रविद्येतील मानक-लेखांचे समीक्षण भाषाशास्त्राच्या पत्रिकेत कशासाठी, अशी शंका काही वाचकांना येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर एका नित्याच्या अनुभवात सापडते. दूरध्वनीवरून अथवा संगणकाच्या पडद्यावरून चाललेल्या संभाषणात एक प्रश्न विचारला जातो आणि उत्तर येण्यापूर्वी क्षणभर शांतता पसरते. ती शांतता उत्तर देणाराच्या मनातील संकोचाची आहे, की वाटेवरील तारांची आहे, हे ऐकणाराला कळण्यास मार्ग नसतो.

ह्या शांततेचे परिमाण भाषाशास्त्राला अपरिचित नाही. दहा भाषांतील प्रश्नोत्तरांचा जो तौलनिक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचे अंतर सरासरीने सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढे आढळले. भाषेभाषेत फरक आहेत. परंतु ते फारसे मोठे नाहीत. ह्याचा अर्थ असा की, माणूस सेकंदाच्या अंशाइतक्या विरामाचाही अर्थ लावीत असतो. संदेशवहनात एका दिशेने १५० मिलिसेकंदांचा विलंब झाला, तर प्रश्न जाण्याचा आणि उत्तर येण्याचा असे दोन्ही विलंब एकत्र होऊन विचारणाराच्या कानी पडणारा विराम ३०० मिलिसेकंदांनी वाढतो. असा विराम ऐकणारा मनुष्य दोष यंत्राला न देता पलीकडच्या व्यक्तीला देतो, तिचे अवधान कमी आहे असे समजतो, असा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रायोगिक अभ्यासातही निघाला आहे. २०२० नंतर विद्यापीठांतील मौखिक परीक्षासुद्धा अनेक ठिकाणी दूरस्थ पद्धतीने होऊ लागल्या. परीक्षकाला जाणवलेली ‘अडखळ’ उमेदवाराची, की दोन राउटरांमधील रांगेची, हा प्रश्न तेव्हा केवळ तांत्रिक राहत नाही.

तो सोडवावयाचा तर मोजमाप हवे; आणि मोजमाप हवे तर आधी मोजावयाच्या वस्तूचे लक्षण हवे. ‘विलंब’ आणि ‘जिटर’ ह्या दोन संज्ञांची लक्षणे मानक-लेखांत कशी केली आहेत, ती निर्दोष आहेत काय, आणि नसल्यास दोष कोठे आहे, एवढाच ह्या परीक्षणाचा विषय आहे. परीक्षेची कसोटी नव्याने शोधण्याचे कारण नाही. आपल्याकडील नैयायिकांनी लक्षणाचे तीन दोष सांगून ठेविले आहेत : लक्ष्याच्या काही भागाला लक्षण लागू न पडणे ही अव्याप्ती, लक्ष्याबाहेरच्या वस्तूलाही ते लागू पडणे ही अतिव्याप्ती, आणि कशालाच लागू न पडणे हा असंभव. ‘शिंगे असलेला प्राणी म्हणजे गाय’ असे म्हटले की म्हैसही गाय ठरते, हे अतिव्याप्तीचे उदाहरण विद्यार्थ्यांच्या परिचयाचे असेलच.

२

इंटरनेटचे नियम ज्या लेखांत ग्रथित होतात ते ‘आर.एफ.सी.’ ह्या आद्याक्षरांनी ओळखले जातात. त्या नावाचा अर्थ ‘अभिप्रायासाठी विनंती’ एवढाच असून ही मालिका १९६९ पासून चालू आहे. नाव नम्र असले, तरी त्यांतील कित्येक लेखांना व्यवहारात सूत्रग्रंथांचे प्रामाण्य प्राप्त झाले आहे. मापनाच्या सर्वसाधारण विचाराचा पाया १९९८ च्या आर.एफ.सी. २३३० ह्या लेखात घातला गेला. एकमार्गी विलंबाचे लक्षण १९९९ च्या आर.एफ.सी. २६७९ मध्ये आले आणि त्याची सुधारलेली आवृत्ती २०१६ साली आर.एफ.सी. ७६७९ म्हणून निघाली.

लक्षणाकडे वळण्यापूर्वी लक्ष्य काय आहे ते पाहणे अवश्य आहे. जाळ्यातून जाणारा संदेश ‘पॅकेट’ नावाच्या लहान तुकड्यांनी प्रवास करतो. प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो. वाटेवरील प्रत्येक राउटर तो पत्ता वाचतो आणि तुकडा पुढे धाडतो. ह्या प्रवासात वेळ चार ठिकाणी जातो. पहिला वेळ अंतराचा : काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो, म्हणून दर हजार किलोमीटरांना सुमारे ५ मिलिसेकंद लागतातच. दुसरा वेळ पॅकेटाचे सर्व बिट एकामागून एक तारेवर घालण्याचा. तिसरा राउटरने पत्ता वाचून वाट ठरविण्याचा. चौथा, बाहेरची वाट दुसऱ्या पॅकेटांनी अडविलेली असल्यास रांगेत थांबण्याचा. वाट आणि पॅकेटाचा आकार तोच असला की पहिले दोन वेळ जवळजवळ स्थिर राहतात. तिसरा सामान्यतः अल्प असतो. चौथा मात्र क्षणोक्षणी बदलतो. पुढे ज्याला ‘जिटर’ म्हणतात त्याचे मुख्य उगमस्थान ही रांग होय.

आता १९९९ चे लक्षण पाहावे. पाठविणाऱ्याने पॅकेटाचा पहिला बिट तारेवर घातला तो क्षण आणि घेणाऱ्याला त्याच पॅकेटाचा शेवटचा बिट मिळाला तो क्षण, ह्या दोहोंमधील अंतर म्हणजे एकमार्गी विलंब, असा त्याचा आशय आहे. ‘पहिला’ आणि ‘शेवटचा’ ही दोन विशेषणे येथे अत्यंत विचारपूर्वक योजिली आहेत. दोन्ही ठिकाणी ‘पहिला’ म्हटले असते, तर पॅकेट तारेवर घालण्याचा दुसरा वेळ शेवटच्या टप्प्यापुरता लक्षणातून सुटला असता आणि अव्याप्ती झाली असती. हा वेळ उपेक्षणीय नाही. १५०० बाइटांचे, म्हणजे १२,००० बिटांचे पॅकेट सेकंदाला ६४,००० बिट नेणाऱ्या तारेवर घालण्यास १८७.५ मिलिसेकंद लागतात. सेकंदाला शंभर कोटी बिट नेणाऱ्या तारेवर तेच काम १२ मायक्रोसेकंदांत उरकते. म्हणूनच विलंब हा नुसत्या वाटेचा धर्म नसून अमुक प्रकारच्या पॅकेटाचा अमुक वाटेवरील धर्म आहे. हे ओळखून त्या लेखाने आपल्या संज्ञेमागे ‘टाइप-पी’, म्हणजे ‘पी ह्या प्रकारच्या पॅकेटाचा’, असे विशेषण सर्वत्र लावले आहे. हा पाल्हाळ वाटेल. परंतु ज्या शास्त्रात विशेषण गाळल्याने अर्थ बदलतो, तेथे पाल्हाळ हाच संक्षेप समजावा.

ह्या काटेकोर लक्षणाशेजारी नित्याचा व्यवहार ठेवून पाहिला म्हणजे दोहोंमधील अंतर ध्यानी येते. १९८३ च्या डिसेंबरात माइक म्यूस ह्यांनी ‘पिंग’ नावाचा एक छोटा कार्यक्रम लिहिला. पाणबुडीचा शोध घेणाऱ्या ध्वनियंत्राच्या आवाजावरून त्याला हे नाव मिळाले. साद घालावी, प्रतिसाद यावा आणि मधला वेळ मोजावा, एवढेच त्याचे कार्य. त्याची उपयुक्तता वादातीत आहे. परंतु तो मोजतो तो जाण्यायेण्याचा एकत्रित वेळ होय. त्याचे अर्धे म्हणजे एका दिशेचा विलंब, हे गृहीत आहे, मापन नव्हे. जाण्याची वाट आणि येण्याची वाट एकच असावी असा इंटरनेटचा नियम नाही. शिवाय प्रतिसाद देणारा राउटर असेल तर आणखी एक अडचण उद्भवते. राउटरचे मुख्य काम पॅकेटे पुढे धाडण्याचे आहे. स्वतःला उद्देशून आलेल्या सादेला उत्तर देणे हे त्याच्या दृष्टीने दुय्यम काम असून पुष्कळदा ते सवडीने केले जाते. म्हणजे अशा मापनात वाटेच्या विलंबाबरोबर राउटरची सवडही मोजली जाते. नैयायिकांच्या भाषेत ही अतिव्याप्ती होय.

३

पिंगमधील हा दोष काढून टाकण्यासाठी पुढील काळात चार क्षणांची पद्धत रूढ झाली. पॅकेट पहिल्या राउटरातून निघाले तो क्षण, दुसऱ्या राउटरात पोहोचले तो क्षण, तेथून परत निघाले तो क्षण आणि पहिल्यात परत आले तो क्षण, असे चार क्षण नोंदले जातात. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्षणांमधील अंतर, म्हणजे दुसऱ्या राउटरची सवड, एकूण वेळातून वजा केले की शुद्ध जाण्यायेण्याचा वेळ उरतो. आर.एफ.सी. ५३५७ ह्या २००८ च्या लेखातील दुमार्गी मापनाची पद्धत ह्याच तत्त्वावर उभी आहे.

तथापि एका दिशेचा विलंब हवा असेल, तर दोन घड्याळांचा प्रश्न टळत नाही. निघण्याचा क्षण एका राउटरच्या घड्याळाने नोंदलेला असतो आणि पोहोचण्याचा दुसऱ्याच्या. दुसरे घड्याळ ३० मिलिसेकंदांनी पुढे असेल, आणि खरा विलंब दोन्ही दिशांना २० असेल, तर जातानाचा विलंब ५० आणि येतानाचा उणे १० असा मोजला जाईल. पॅकेट निघण्यापूर्वीच पोहोचले असे म्हणण्याची पाळी येईल!

ह्यावर सामान्यतः सुचविला जाणारा उपाय म्हणजे दोन्ही घड्याळे जाळ्यावरूनच जुळवून घेणे. डेव्हिड मिल्स ह्यांनी विकसित केलेली एन.टी.पी. ही पद्धत त्यासाठी जगभर वापरली जाते. तिच्यातही तेच चार क्षण असतात; आणि घड्याळांमधील फरक काढताना जाण्याचा व येण्याचा विलंब समान आहे असे मानलेले असते. ह्या मानण्याचा परिणाम तपासून पाहण्यासारखा आहे. समजा, जाण्याचा खरा विलंब ४० मिलिसेकंद आणि येण्याचा २० आहे. दोन राउटरांनी ह्याच वाटेवरून आपली घड्याळे जुळविली, तर फरकाच्या निम्मी, म्हणजे १० मिलिसेकंदांची चूक घड्याळातच मुरते. नंतर त्या घड्याळांनी विलंब मोजला, तर जाण्याचा ३० आणि येण्याचाही ३० निघतो. दोन्ही दिशा समान असल्याचा हा पुरावा वरवर निर्णायक दिसेल. वस्तुतः जे गृहीत धरले तेच निष्कर्ष म्हणून परत आले आहे. घड्याळ विलंबावर अवलंबून आणि विलंब घड्याळावर अवलंबून, असा हा सरळसरळ अन्योन्याश्रय दोष होय. त्यातून सुटावयाचे तर दोन्ही टोकांना वाटेबाहेरचा प्रमाणकाल हवा; जी.पी.एस. उपग्रहांवरून घेतलेला काल हे त्याचे उदाहरण. १९९९ च्या लेखात ह्याची जाणीव आहे. मापनाचा आकडा सांगताना घड्याळांच्या जुळणीविषयीची अनिश्चितताही सांगावी, असा त्याचा आग्रह आहे.

परंतु येथेच एक महत्त्वाची गोष्ट दृष्टोत्पत्तीस येते. घड्याळांमधील फरक स्थिर असेल, तर तो प्रत्येक पॅकेटाच्या विलंबात सारखाच मिसळतो. दोन पॅकेटांचे विलंब एकमेकांतून वजा केले की तो नाहीसा होतो. एका पॅकेटाचा विलंब किती हे सांगता येत नसतानाही, दोन पॅकेटांच्या विलंबांत भेद किती हे खात्रीने सांगता येते. घड्याळांची गती तेवढी सारखी असली म्हणजे झाले. सोस्यूरच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांपासून भाषाशास्त्रात रूढ झालेल्या विचाराशी ह्याचे साम्य आहे. ध्वनीचे भाषिक मूल्य त्याच्या निरपेक्ष स्वरूपात नसते, इतर ध्वनींहून असलेल्या भेदात असते. निरपेक्ष विलंब दुर्ज्ञेय, पण विलंबभेद सुज्ञेय, अशी ही स्थिती आहे. अर्थात् विलंबभेदाचे लक्षण सोपे असावयास हवे होते. प्रत्यक्षात गोंधळ तेथेच आहे.

४

‘जिटर’ ह्या इंग्रजी शब्दाचा मूळ भाव अस्वस्थ थरथरीचा आहे. विद्युत्-संकेतांच्या शास्त्रात त्याला एक निश्चित अर्थ मिळाला : संकेत ज्या क्षणी यावयास हवा त्या क्षणापासून त्याचे होणारे विचलन. पॅकेटांच्या जाळ्यात हा शब्द आला तेव्हा असा ‘यावयास हवा’ म्हणून ठरलेला क्षण उरला नाही; कारण पॅकेटाच्या आगमनाला वेळापत्रक नसते. शब्द टिकला, पण ज्याच्या अपेक्षेने विचलन मोजावयाचे तो संदर्भबिंदू हरवला. अर्थान्तराच्या अभ्यासकाला हा प्रकार नवा नाही. नवे एवढेच की, हरवलेल्या बिंदूच्या जागी निरनिराळ्या मंडळींनी निरनिराळे बिंदू बसविले आणि शब्द मात्र सर्वांनी एकच ठेविला.

२००२ च्या आर.एफ.सी. ३३९३ ह्या लेखाला ही अडचण ठाऊक आहे. ‘जिटर’ हा शब्द वेगवेगळ्या अर्थांनी वापरला जात असल्यामुळे गोंधळ होतो, म्हणून शक्यतो तो टाळून ‘विलंबभेद’ ह्या अर्थाची अधिक नेमकी संज्ञा वापरू, असे त्याने आरंभीच जाहीर केले आहे. एखाद्या तांत्रिक मानकाने रूढ शब्दाचा असा सकारण त्याग करावा, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु लेखाने स्वीकारलेले लक्षण काय? निवडलेल्या दोन पॅकेटांच्या एकमार्गी विलंबांतील फरक, असे ते आहे. आणि कोणती दोन पॅकेटे निवडावयाची हे ठरविण्याचे स्वातंत्र्य मापन करणाराला दिले आहे. शब्दाचे अनेकार्थत्व दाराबाहेर घालविले आणि लक्षणाच्या खिडकीतून ते पुन्हा आत आले, असे म्हणावे लागते.

ही निवड क्षुल्लक नाही, हे उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, लागोपाठच्या आठ पॅकेटांचे विलंब मिलिसेकंदांत असे आहेत : २०, ३०, ४०, ५०, ६०, ७०, ८०, ९०. दुसऱ्या वाटेवरील आठ पॅकेटांचे विलंब असे : २०, ३०, २०, ३०, २०, ३०, २०, ३०. प्रत्येक पॅकेटाची तुलना त्याच्या आधीच्या पॅकेटाशी केली, तर दोन्ही ठिकाणी प्रत्येक फरक १० येतो. म्हणजे दोन्ही वाटांचा ‘जिटर’ १० मिलिसेकंद. तीच तुलना सर्वांत कमी विलंब असलेल्या पॅकेटाशी केली, तर पहिल्या वाटेवर भेद ७० पर्यंत चढतो आणि दुसऱ्या वाटेवर १० च्या पलीकडे जात नाही. पहिल्या वाटेवर रांग सतत वाढत आहे, दुसरीवर ती केवळ हेलकावत आहे. एका लक्षणाने दोन्ही वाटा सारख्या ठरतात, दुसऱ्याने त्यांच्यात सातपटींचे अंतर पडते. दोन्ही आकडे ‘जिटर’ ह्याच नावाने छापले जातात.

बोलणाराच्या दृष्टीने ह्यांत खरे काय? ध्वनीची पॅकेटे सामान्यतः २० मिलिसेकंदांच्या अंतराने निघतात, परंतु त्याच अंतराने पोहोचत नाहीत. म्हणून ऐकणाराच्या यंत्रात ती थोडा वेळ साठवून मग समान अंतराने वाजविली जातात. हा साठा सर्वांत उशिरा येणाऱ्या पॅकेटासाठी थांबला पाहिजे. अर्थात् वरील पहिल्या वाटेवर त्याला ७० मिलिसेकंद थांबावे लागेल आणि दुसरीवर १० पुरतील. हे थांबणे म्हणजे संभाषणात पडलेला आणखी विलंबच होय. साठा अपुरा ठेवला, तर उशिरा आलेले पॅकेट निरुपयोगी होऊन टाकले जाते आणि उच्चाराचा २० मिलिसेकंदांचा तुकडा गळतो. मराठीसारख्या भाषेत ह्याचे मोल थोडे नाही. ‘ताट’ आणि ‘थाट’ ह्यांतील भेद व्यंजनाच्या स्फोटानंतरच्या श्वासावर अवलंबून आहे आणि तो श्वास काही दशके मिलिसेकंदच टिकतो. त्यातील एकदोन पॅकेटे गळाली तर ‘थाटा’चे ‘ताट’ होणे अशक्य नाही. साठ्याचा आकार ठरविण्यास जे लक्षण उपयोगी ते किमान विलंबाशी तुलना करणारे. लागोपाठच्या पॅकेटांची तुलना करणारे नव्हे.

तिसरे लक्षण आर.टी.पी. ह्या ध्वनिचित्र-वहनाच्या नियमांत आहे. ते प्रथम १९९६ मध्ये आणि नंतर २००३ च्या आर.एफ.सी. ३५५० मध्ये आले. लागोपाठच्या दोन पॅकेटांमधील अंतर निघताना किती होते आणि पोहोचताना किती झाले ह्यांतील फरक, चिन्ह सोडून, घ्यावा. आधीच्या आकड्यातून तो किती वेगळा आहे ते पाहून त्या वेगळेपणाचा केवळ सोळावा हिस्सा आधीच्या आकड्यात मिळवावा. अशी ही सतत सरकणारी सरासरी आहे. आता स्थिर वाटेवर एकच पॅकेट ८० मिलिसेकंद उशिरा आले असे समजू. त्या पॅकेटाने आकडा शून्यावरून ५ वर जातो; पुढचे पॅकेट वेळेवर आल्याने पुन्हा ८० चा फरक पडतो आणि आकडा सुमारे ९.७ होतो. त्यानंतर सर्व शांत राहिले, तर पन्नास पॅकेटांनंतर, म्हणजे एका सेकंदात, तो अर्ध्या मिलिसेकंदाच्याही खाली उतरतो. अहवाल साधारणपणे पाच सेकंदांच्या अंतराने जातात, हे लक्षात घेतले म्हणजे कानाला बसलेला ८० मिलिसेकंदांचा धक्का अहवालात दिसेलच असे नाही, हे उघड होते.

ह्या लेखाच्या कर्त्यांवर मात्र दोष ठेवणे अन्यायाचे होईल. हा आकडा अहवालाच्या क्षणापुरता आहे. परिमाण म्हणून तो वाचावयाचा नाही, एकाच ग्राहकाच्या अनेक अहवालांची किंवा अनेक ग्राहकांची परस्परांशी तुलना करण्यासाठी तो आहे. असे त्यांनी स्वतःच बजावून ठेविले आहे. करारपत्रांत ‘जिटर अमुक मिलिसेकंदांहून कमी राहील’ अशी वाक्ये लिहिणारे आणि वाचणारे, दोघांनीही हे बजावणे दुर्लक्षिले आहे. सूत्र उचलले गेले, भाष्य मागे राहिले.

गोंधळात आणखी भर आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने घातली. त्याच्या २००२ च्या वाय.१५४१ ह्या शिफारशीत ‘आय.पी.डी.व्ही.’ हे आद्याक्षरी नाव किमान विलंबाशी तुलना करणाऱ्या भेदाला दिले आहे. हजारांतील सर्वांत उशिराचे एक पॅकेट सोडून उरलेल्यांची कमाल आणि सर्वांची किमान ह्यांतील हे अंतर असून, सर्वांत वरच्या वर्गासाठी त्याची मर्यादा ५० मिलिसेकंद ठेविली आहे. इंटरनेटच्या लेखांत मात्र हेच आद्याक्षरी नाव बहुधा लागोपाठच्या पॅकेटांच्या भेदाला लावले जाते. दोन प्रामाणिक संस्था, एक नाव, दोन अर्थ! समध्वनी शब्दांचे असे उदाहरण बोलीभाषेतही विरळा सापडेल.

५

ही लक्षणे राउटरांत उतरली म्हणजे काय होते, तेही पाहिले पाहिजे. सिस्को कंपनीच्या राउटरांत दोन राउटरांमधील जिटर मोजण्याची सोय आहे आणि तिचे नियम २०१३ च्या आर.एफ.सी. ६८१२ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. एक राउटर पॅकेटे पाठवितो. दुसरा प्रतिसादक म्हणून त्यांवर क्षणांची नोंद करून ती परत करतो. दोन्ही दिशांचे भेद वेगवेगळे दाखविले जातात, आणि वाढता भेद व घटता भेद ह्यांचीही स्वतंत्र गणना होते. ही विभागणी स्तुत्य आहे. वर ज्या वाढत्या रांगेचे उदाहरण दिले ती निदान ह्या चिन्हांवरून ओळखता येते.

परंतु दोन गोष्टी खटकतात. पहिली गोष्ट शून्याची. दोन्ही घड्याळे जुळलेली नसतील, तर हे साधन एकमार्गी विलंबाच्या जागी ० हा आकडा देते. ह्या शून्याचा अर्थ ‘विलंब नाही’ असा नसून ‘विलंब कळला नाही’ असा आहे. अभावाचेही प्रकार असतात आणि ते वेगळे राखावे लागतात, हे पाणिनीच्या परंपरेत वाढलेल्या अभ्यासकाला सांगावयास नको. जेथे काही होते आणि लोपले ती जागा, आणि जेथे काही नव्हतेच ती जागा, व्याकरणात एक मानली जात नाही. १९९९ च्या लेखाने हा विवेक पाळला आहे. पॅकेट हरवले तर त्याचा विलंब ‘अनिर्णीत’ म्हणावा, शून्य म्हणू नये, असे तो सांगतो. साधनाने लिहिलेले शून्य पुढे सरासरीत मिसळले, तर वाट आहे त्याहून चांगली दिसेल.

दुसरी गोष्ट नमुन्याची. काही वेगळे सांगितले नाही, तर हे साधन दर ६० सेकंदांनी १० पॅकेटे २० मिलिसेकंदांच्या अंतराने पाठविते. म्हणजे ६०,००० मिलिसेकंदांपैकी सुमारे २०० मिलिसेकंद, तीनशेंतील एक हिस्सा, एवढाच काळ पाहिला जातो. १९९८ च्या पायाभूत लेखाने ठराविक अंतराच्या नमुन्यातील धोका दाखवून दिला होता. जाळ्यातही काही गोष्टी ठराविक अंतराने घडतात. त्या मोजण्याच्या क्षणी नेमक्या सापडल्या तर नेहमी सापडतात, आणि हुकल्या तर नेहमी हुकतात. म्हणून नमुन्याचे क्षण यादृच्छिक असावेत अशी त्याची सूचना होती. २००२ च्या आर.एफ.सी. ३४३२ ने ध्वनीच्या पॅकेटांसारख्या नियमित प्रवाहासाठी ठराविक अंतराला मान्यता दिली खरी. पण तीही नमुन्याचा आरंभक्षण यादृच्छिक असावा ह्या अटीसह. बोलीचा सर्वेक्षक दररोज एकाच वेळी एकाच चावडीवर जाऊन बसला, तर त्याला गावाची बोली न मिळता चावडीची मिळते. दर मिनिटाच्या त्याच सेकंदाला डोळे उघडणाऱ्या मापनाची गत ह्याहून निराळी नाही.

६

ह्या सर्व लेखांत समीक्षेच्या दृष्टीने सर्वांत प्रगल्भ लेख २००९ चा आर.एफ.सी. ५४८१ हा होय. त्याने नवे लक्षण केले नाही. रूढ असलेली दोन लक्षणे समोरासमोर ठेविली आणि प्रश्न विचारला : मोजावयाचे ते कशासाठी? साठ्याचा आकार ठरवावयाचा असेल तर किमान विलंबाशी तुलना करणारे लक्षण. घड्याळे अस्थिर असतील, किंवा वाट वरचेवर बदलत असेल, तर लागोपाठच्या पॅकेटांची तुलना करणारे लक्षण. असा विवेक त्याने केला. आपल्या शास्त्रग्रंथांत आरंभी विषयाबरोबर प्रयोजन सांगण्याची रीत आहे, ती निव्वळ उपचाराची नाही. प्रयोजन कळल्याशिवाय लक्षणाची निवड करता येत नाही, हेच ह्या लेखातून सिद्ध होते. त्याची उणीव एवढीच की, दोन वस्तूंना दोन स्वतंत्र नावे रूढ करण्याचे काम त्याच्याने झाले नाही. आणि जोपर्यंत नाव एक आहे तोपर्यंत वस्तूही एकच मानली जाणार.

मराठीपुढे ह्या बाबतीत एक संधी आहे. परभाषेतील संदिग्ध शब्दाला तसाच एक संदिग्ध प्रतिशब्द देण्याची घाई न केल्यास, संदिग्धता आपल्या भाषेत येण्यापूर्वीच थोपविता येईल. ‘जिटर’साठी ‘कंप’ किंवा ‘थरथर’ असा शब्द योजणे म्हणजे मूळ दोषाचे भाषांतर करणे होय. त्याऐवजी लागोपाठच्या दोन पॅकेटांच्या विलंबांतील फरकाला ‘क्रमिक विलंबभेद’ आणि किमान विलंबाहून असलेल्या आधिक्याला ‘विलंबाधिक्य’ म्हणावे. सरकत्या सरासरीला स्वतंत्र नाव न देता ‘क्रमिक विलंबभेदाची सरकती सरासरी’ असेच म्हणावे. बोलताना ‘जिटर’ हा शब्द राहील, राहावाही; परंतु अहवालात, करारपत्रात आणि प्रबंधात आकड्याशेजारी त्याचे लक्षण, नमुन्याची रीत आणि घड्याळांची स्थिती लिहिली गेली पाहिजे. त्यांच्यावाचून ‘जिटर १० मिलिसेकंद’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध असूनही अर्थदृष्ट्या अपुरे आहे. त्याला आकांक्षा आहे, पूर्तता नाही.

आरंभी निर्दिष्ट केलेल्या मौखिक परीक्षेकडे पुन्हा वळल्यास ह्या काटेकोरपणाचे प्रयोजन उघड होते. प्रश्न विचारला गेला, विराम पडला आणि परीक्षकाच्या मनात उमेदवाराविषयी एक मत तयार झाले. त्या विरामातील किती मिलिसेकंद वाटेचे, किती रांगेचे, किती साठ्याचे आणि किती उमेदवाराच्या विचाराचे, हे ‘वाट उत्तम आहे, जिटर अल्प आहे’ एवढ्या आश्वासनावरून ठरविता येत नाही. ज्या आकड्याचे लक्षण अज्ञात आहे, त्याच्या आधारे वाटेला निर्दोष ठरविणे म्हणजे उरलेला सारा विराम माणसाच्या नावे लिहिणे होय. असा हिशेब मांडण्यापूर्वी शब्दाची परीक्षा झालेली असावी.